सव्वाचार फूट

आठ फूट लांब, दोन फूट रुंद आणि नऊ इंच जाड असा काळा दगड उभा करायचा तर तो जमिनीत किती गेला पाहिजे, असं लालाकाकांनी मला १९४६ च्या फेब्रुवारीत विचारलं. मी वहीचा कागद फाडून आकृती काढली. वजन काढलं, ते सव्वीस मणांच्या आसपास आलं. गुरुत्वमध्य दाखवला. आमची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून थोडं जास्तीचं माप धरलं आणि लिहिलं, 'किमान दोन फूट. याहून खोल गेल्यास अधिक स्थिर.' खाली सही केली आणि सहीपुढे बी.एस्सी. असं लिहिलं. तसं लिहायची ती माझी पहिलीच वेळ होती.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या पूर्वेला, दोन कोसांवर. नुकत्याच संपलेल्या महायुद्धात गावची नऊ माणसं मेली. त्यांच्या नावाचा दगड उभा करायचा म्हणून कमिटी झाली आणि लालासाहेब, म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आमचे लालाकाका, तिचे मुख्य झाले. ते पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. बोलताना अजून पाठ ताठ ठेवत आणि कुणी मध्ये बोललं तर 'खामोश' म्हणत. नवांतला एक माझा थोरला भाऊ ज्ञानू. तो इटलीत मारला गेला. तार आली तेव्हा मी सांगलीला कॉलेजात होतो आणि दुसऱ्या दिवशी माझं पदार्थविज्ञानाचं प्रॅक्टिकल होतं. प्रॅक्टिकल देऊन मी घरी आलो. आईनं त्याबद्दल मला कधी काही विचारलं नाही.

भैरोबाच्या देवळात कमिटीच्या तीन बैठका झाल्या. दगड कसला, आणि तो देवळाच्या दारात, चावडीसमोर लावायचा, हे पहिल्या अर्ध्या तासात ठरलं. उरलेला सगळा वेळ नवव्या नावावर गेला. नववा गुंडा, तात्याबा महाराचा मुलगा, महार पलटणीत होता. तो ब्रह्मदेशात मारला गेला. नाव गाळता येत नव्हतं, कारण सातारच्या कचेरीत गेलेल्या यादीत नऊ नावं होती. नाव घालावं तर कुठं? वयानं लावली तर गुंडा चौथा येत होता, मेल्याच्या तारखेनं लावली तर दुसरा. लालाकाकांनी मला दोन्ही प्रकारे यादी करायला लावली आणि दोन्ही बाजूला ठेवल्या. शेवटी ठरलं ते असं: वर आठ नावं, मग आडवी रेघ, आणि रेघेखाली वेगळं एक नाव. तात्याबा पायरीखाली बसून ऐकत होता. त्या महिन्यात चावडीवरच्या चाकरीची पाळी त्याची होती.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या खळ्यावर आला. लांब उभा राहून विचारलं, खालचं नाव जमिनीपासून किती उंच येईल? मी सांगितलं, वीतभर. त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं तो तक्रार घेऊन आला असेल.

"मग ऱ्हाऊ द्या खालीच," तो म्हणाला. "रंगूला उठता येत न्हाई जास्त. बसल्या जागी हाताला लागंल. तिला तेवढंच पायजे जी, हात लावाय काय तरी. पोराची राख बी आली न्हाई."

रंगूबाई म्हणजे त्याची बायको. संधिवातानं तिचे गुडघे आखडले होते. मी म्हणालो, नक्की लागेल. दगड जमिनीत दोनच फूट जायचा आहे, बाकी सगळा वर राहील. त्यानं 'दोन फूट' असं स्वतःशी म्हटलं, जसं काही ते ध्यानात ठेवायचंच होतं.

पाथरवट मी सुचवला होता. सांगलीत नदीकाठच्या एका देवळापुढं मी एक दगडी नंदी पाहिला होता. त्याच्या गळ्याखालची कातडी अशी लोंबत होती की हात लावला तर हलेल असं वाटावं. चौकशी केली तेव्हा कळलं, आष्ट्याचा सिद्धू. मार्चमध्ये मी कागद घेऊन आष्ट्याला गेलो.

सिद्धू पन्नाशीचा असेल. दगडाच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. त्याची बायको सुलाबाई भाता ओढत होती आणि तो छिन्न्यांना पाणी देत होता. तापलेल्या छिन्नीचं टोक नुसतं पाण्यात बुडवून तो बाहेर काढायचा आणि टोकाकडे सरकत येणारा रंग बघत बसायचा. रंग गव्हाळ झाला की पुरी छिन्नी पाण्यात. निळा होईपर्यंत थांबलं तर टोक मऊ राहतं. हे मी पुस्तकात आकृतीसकट वाचलं होतं. मी त्याला उष्णतेचे अंश सांगितले. तो म्हणाला, "आसंल. मला गव्हाचा रंग ठावा हाय."

कागद त्यानं उलटासुलटा करून पाहिला. त्याला वाचता येत नव्हतं. अक्षरं गेरूनं दगडावर काढून दिली की तो त्यांच्या कडेनं छिन्नी चालवायचा. नावं त्यानं बोटानं मोजली आणि रेघेवर बोट ठेवलं.

"ही कशाला?"

कमिटीचं तसं म्हणणं आहे, असं मी सांगितलं.

"ह्यो खालचा कोण?"

मी सांगितलं. त्यानं कागदावरच्या रेघेवरून नख ओढलं. मग म्हणाला, दगडावर आडवी खोल रेघ मारली की तीच त्याची फुटायची जागा. हे अगदी खरं होतं. खाचेपाशी ताण साठतो. मी लगेच मान डोलावली. त्याऐवजी मध्ये एक उठावाची पट्टी सोडू, तो म्हणाला. पट्टीच्या वर आठ आणि खाली एक. वेगळंच पाहिजे ना, मग जुन्या वीरगळासारखे कप्पे करू. वरती चंद्र-सूर्य, खाली पडलेला गडी.

"जुना दगड खालनं वर वाचत्यात, मास्तर. खाली मानूस पडतो. तितनंच सुरुवात." शिकलेल्या कुणालाही तो मास्तरच म्हणायचा.

मग त्यानं विचारलं, तो खालचा कसा दिसायचा? बाकीच्या आठांबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही, ज्ञानूबद्दलही नाही. मी आठवलं ते सांगितलं. गुंडा माझ्याच वर्गात होता, पण तो शाळेच्या ओट्यावर बसायचा. हिशेब माझ्याआधी करायचा आणि पाटी दुरूनच वर धरून दाखवायचा. दुपारच्या सुटीत डावा हात उशाला घेऊन, गुडघे पोटाशी ओढून तिथंच झोपायचा.

तो काय करणार आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. मला ते आवडलंही. परतताना गाडीत मी मनाशी हसत होतो. कमिटीचा शब्द न् शब्द पाळून तो कमिटीला काय दाखवणार आहे, हे गावात मला एकट्यालाच माहीत होतं आणि मला त्यासाठी काही करावं लागणार नव्हतं.

मे महिन्यात दगड आला. आष्ट्याहून मिरजेपर्यंत गाडीनं, तिथून रेल्वेनं कोरेगाव, आणि तिथून गावापर्यंत चार बैलांच्या गाडीवर. सिद्धू बरोबर आला होता. चावडीपुढं पेंढ्यावर दगड उताणा ठेवला तेव्हा माणसं जमली.

वर चंद्र-सूर्य होते. त्यांच्या खाली आठ नावं दोन ओळींत, स्वच्छ अक्षरांत. मग पट्टी. पट्टीखाली सव्वादोन फुटांचा कप्पा होता आणि त्यात एक शिपाई पडला होता. मेलेला म्हणायचा तर म्हणावा, नाहीतर दुपारचा झोपलेला. डावा हात उशाला, गुडघे पोटाशी. बुटांना नाडीची भोकं होती आणि एका बुटाची नाडी सुटलेली होती. पट्ट्याला पाण्याची बाटली, तिच्या कापडी खोळीची शिवण दिसत होती. तोंड किंचित उघडं. शिपायाखाली, कप्प्याच्या तळाशी, एकच नाव. त्याच्याखाली दोन फूट कोरं बूड, जमिनीत जायचं.

दुपारी बायका आल्या. वीरगळ म्हटला की त्याला हळदकुंकू आणि तेल आलंच, तो नवा असो की जुना. माझी आई, बनुबाई, सगळ्यांत पुढं होती. तिलाही वाचता येत नव्हतं. ती दगडाशी बसली, त्या शिपायाच्या तोंडावरून पदर फिरवून धूळ पुसली, कपाळाला कुंकू लावलं, सुटलेल्या नाडीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ज्ञानू असाच झोपायचा. हात मोडंल म्हनून मी काढून घ्यायची." ती मोठ्यानं रडली नाही. तारेनंतर दोन वर्षांत मी तिला एवढी शांत पाहिली नव्हती. तिनं त्याच्या गालाला गाल लावला आणि तशीच राहिली. बाकीच्या बायका वाट बघत उभ्या राहिल्या. अंबूबाईचाही मुलगा त्या आठांत होता. तिनं विचारलं, बनुबाई, आमालाबी लावू दे की कुकू, सगळ्यांचाच हाय त्यो.

मी तिथंच उभा होतो. मला वाचता येत होतं. सांगितलं ते शाळामास्तरांनी. त्यांनी वाईट हेतूनं सांगितलं नाही. त्यांनी फक्त खालचं नाव मोठ्यानं वाचलं.

आई उठली. हाताच्या कुंकवाकडे बघितलं. अंबूबाईनं आपला करंडा मिटला. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला ठावं हुतं?" मी हो म्हणालो. ती घरी गेली आणि विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. मला वाटलं विटाळ मानून घेतलं, आणि मी चिडलो. पण संध्याकाळी भाकरी थापताना ती म्हणाली, "त्यो ज्ञानू न्हाई तर मला त्यो दिसाय नको. अर्धा दिस मला त्याचं तोंड दिसलं हुतं. झाका त्याला." मग चुलीत फुंकर घातली.

सकाळी लालाकाकांनी कमिटी चावडीत बोलावली. सिद्धूला पुढं उभं केलं.

"आठ घरांची माणसं मेली आन चित्र एकट्याचं?"

"तुमीच त्याला येगळा काढला की, सायेब," सिद्धू म्हणाला. "नवांतनं एकाला येगळा काढत्यात म्हंजी त्यो थोरला आसनार. म्या तसा काढला."

मागं कुणीतरी हसलं आणि ते खोकल्यात घातलं.

"लय शाना हाईस."

"शाना कुठला जी. मला लिवाय-वाचाय येत न्हाई. जसा कागद तसा दगड."

मग एकेकानं उपाय सुचवला. नाव छिलून टाकावं, असं एकजण म्हणाला. लालाकाका म्हणाले, कचेरीत नऊ नावं कळवली आहेत, मोजायला कुणी आला तर? चित्र छिलून टाकावं, असं दुसऱ्यानं म्हटलं. तेव्हा पहिल्यांदाच सिद्धूचा आवाज चढला. दगडाला छिन्नी लागेल तर ती त्याची लागेल आणि तो ती लावणार नाही, दुसऱ्या कुणी लावली तर आत भेग जाईल, अपशकून होईल. अपशकुनाचं नाव निघाल्यावर सगळे थांबले. देवाच्या दारातला दगड होता, त्यावर कुंकूही लागलेलं होतं.

लालाकाकांनी कोटाच्या खिशातून एक कागद काढला. वहीचा होता. मी ओळखला.

"चिंतामण, अक्षर तुझंच न्हवं?"

"हो."

"'याहून खोल गेल्यास अधिक स्थिर.' खरं का खोटं?"

"खरं आहे."

"खोल गेल्यानं दगडाला काय इजा?"

"इजा नाही. पण काका, खालचं चित्र—"

"चित्राचं मी इचारलं न्हाई. दगडाचं इचारलं."

मी पुन्हा म्हणालो की इजा नाही. दुसरं उत्तर नव्हतंच. दोन फुटांहून खोल गेला तर पडेल, असं म्हणणं शास्त्राला धरून नव्हतं, आणि शास्त्राला धरून नसलेलं बोलायचं नाही हे मी चार वर्षं शिकलो होतो. आई 'झाका त्याला' म्हणाली होती, तेही माझ्या मनात नव्हतं असं नाही. लालाकाकांनी पट्टीपर्यंतचं माप घ्यायला सांगितलं. बुडापासून पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत सव्वाचार फूट भरलं. तेही मीच घेतलं.

खड्डा खणायचं काम गावच्या रिवाजानं महारांकडे आलं. तात्याबा आणि त्याचे दोन भाऊबंद. मी टेप घेऊन काठावर उभा. ऊन तापायच्या आत दोन फूट झाले, तेव्हा तात्याबानं पहार थांबवली आणि घाम पुसत वर बघितलं.

"झालं न्हवं? दोन म्हनला हुता."

"वाढवलंय."

"किती?"

"सव्वाचार."

तो खड्ड्यातून वर आला. दगड बाजूलाच आडवा होता. मी टेप पुढं केला, त्याकडे त्यानं बघितलं नाही. त्यानं वितीनं पहार मोजली, सव्वाचार फुटांच्या जागी अंगठा दाबून धरला आणि पहारेचं टोक दगडाच्या बुडाशी टेकवून ती दगडावर लांब ठेवली. अंगठा पट्टीवर आला. तो तसाच वाकून राहिला. त्याच्या अंगठ्याच्या आणि बुडाच्या मध्ये त्याचा मुलगा हात उशाला घेऊन पडला होता. कपाळावर माझ्या आईनं लावलेलं कुंकू अजून होतं.

मला वाटलं तो पहार टाकून जाईल. त्याच्या भाऊबंदांतला एकजण तसं काहीतरी बोललाही. तात्याबानं त्याला सांगितलं की आपण गेलो तर दुसरे खणतील, आणि दुसरे तळाचे धोंडे तसेच ठेवतील. मग तो खाली उतरला आणि दुपारपर्यंत खणत राहिला. तळ त्यानं हातानं साफ केला. एक खडा राहू दिला नाही.

दगड उतरवताना सिद्धूनं ओळंबा धरला, पाचरी मारल्या, सगळं नीट केलं. दगड केसभरही कलला नाही. मुरूम टाकायच्या आधी त्यानं आपल्या डोक्याचं मुंडासं सोडलं, खड्ड्यात वाकून शिपायाच्या तोंडावरून गुंडाळलं आणि मग पहिलं घमेलं स्वतः ओतलं. चोपणी करून झाल्यावर तो उघड्या डोक्यानं माझ्यापाशी आला.

"बुडाला नक्षी म्या पयल्यांदाच काढली, मास्तर."

मी म्हणालो, मला वाईट वाटतं. त्यानं विचारलं, आष्ट्याला असताना तुम्हाला कळलं होतं ना मी काय करतोय ते? मी हो म्हणालो. "मग तवाच सांगायचं. निस्ती नावं कोरून दिली असती. एक वीत वर ऱ्हायलं असतं त्याचं नाव." एवढं बोलून तो कोरेगावच्या गाडीत बसायला निघून गेला.

जूनच्या सुरुवातीला सातारहून एक साहेब आले आणि समारंभ झाला. साहेबांनी नावं मोजली, आठ भरली. यादी नवाची आहे, असं ते म्हणाले. लालाकाका ताठ उभे राहून म्हणाले, "नववा पायात आहे, साहेब. सगळा भार त्याच्यावर." साहेबांना ते फार आवडलं. त्यांनी ते भाषणात घेतलं आणि टाळ्या पडल्या. आईनं ज्ञानूच्या नावाला कुंकू लावलं. अक्षर कुठलं ते मी तिला दाखवलं. तिनं बोट फिरवलं आणि हात लगेच काढून घेतला.

त्यानंतर आठवड्यानं सकाळी तात्याबा रंगूबाईला घेऊन आला. दोन काठ्या टेकत ती दगडापाशी पोचली आणि भुईवर बसली. तात्याबानं मला हाक मारून विचारलं, नाव नेमकं कुठं आहे, कुठल्या बाजूला आणि किती खाली? मी टिपणं बघितली आणि सांगितलं: पूर्वेच्या बाजूला, मधोमध, जमिनीपासून एकवीस इंच खाली. त्याला इंच समजले नाहीत, तेव्हा म्हणालो, एक हात चार बोटं. रंगूबाईनं कोपरापासून हात मोजून बघितला. त्यावर चार बोटं ठेवली. मग मी सांगितलेल्या जागी मातीवर तळवा टेकला आणि बसून राहिली. जाताना तिनं तिथं चिमूटभर कुंकू टाकलं. पुढच्या सोमवारी ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्या सोमवारीही. तिच्याबरोबर महारवाड्यातल्या आणखी दोघी. मातीवर कुंकवाचा एक लाल डाग दिसायला लागला, आणि तो दगडावर नसून जमिनीवर असल्यानं सगळ्यांच्या आधी नजरेत भरायचा. पोरं विचारायला लागली, इथं खाली काय आहे?

पावसाळ्यानंतर कमिटीनं दगडाभोवती फरशी करायचं ठरवलं. शहाबादी, चारी बाजूंनी चार-चार फूट, सांधे सिमेंटनं भरून. चिखल होतो, असं कारण दिलं. फरशीवर पाणी साचू नये म्हणून उतार किती ठेवायचा, हे लालाकाकांनी मला विचारलं.

फुटाला पाव इंच, मी सांगितलं.